कच्च्या मातीचा बुद्ध

भावाच्या नातवाला पाहायला म्हणून गावी आले होते. बाळ झोपलेलं होतं, सून स्वयंपाकात होती, म्हणून जरा पाय मोकळे करायला नाल्याच्या पुलावरून चालत निघाले आणि शाळेशी येऊन थबकले. व्हरांड्यात गणपती बसला होता. लाल-हिरव्या दिव्यांच्या माळा भराभर पेटत-विझत होत्या, कर्ण्यातून सिनेमाच्या चालीवरचं कुठलंतरी गाणं चाललं होतं, आणि मूर्तीच्या डोक्यावर, भिंतीवर, सरकारी अक्षरांत शाळेचं नाव रंगवलेलं होतं. झेंडूचा, उदबत्तीचा आणि ओल्या पोत्यांचा वास येत होता. माझं वय झालं, गुडघे गेले, पण तो वास नाकात शिरला आणि माझं डोकं फिरलं.

म्हातारपणी आठवणी मऊ होतात असं लोक सांगतात. त्यांच्या होत असतील. माझ्या एका आठवणीला अजून धार आहे आणि ती बोथट व्हावी असं मला वाटतही नाही.

आमचं गाव बोरी अरबच्या बाजूचं. तेव्हा शाळेच्या छपरावर कवेलू, म्हणजे कौलं होती, व्हरांड्याला सागाचे खांब होते आणि जमीन मातीची होती. खांबांवर हात फिरवला की तो गुळगुळीत लागायचा, कारण पोरं येता-जाता त्यांना धरून गोल फिरायची. व्हरांड्याच्या टोकाला एक ओटा होता, गुडघ्याएवढा उंच, तोही मातीचा. आम्ही त्या ओट्यापाशी बसायचो. आम्ही म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीतली पोरं. कायदा झाला होता, सगळ्यांनी वर्गात बसायचं म्हणून, आणि मास्तर कधी तोंडाने नाही म्हणायचे नाहीत. पण वर्गात सतरंजी होती आणि ती आमच्यापर्यंत पुरायची नाही. दरवर्षी नवी सतरंजी येणार असायची.

भाद्रपदात गणपती यायचा तो नेमका त्या ओट्यावर. दहा दिवस आमची जागा जायची आणि आम्ही बाहेर निंबाखाली. झडी लागली असली तर घरी. कपाशी गुडघ्याला लागलेली असायची, वाटेवर चिखल, पोळ्याच्या बैलांच्या शिंगांचा रंग अजून उडालेला नसायचा, आणि शाळेतून सनईची तबकडी ऐकू यायची.

खोटं कशाला बोलू, मला ती आरास फार आवडायची. ज्वारीच्या धांड्यांचं मखर असायचं, त्यावर पतंगी कागदाच्या झालरी. त्या चिकटवायला पिठाची खळ शिजवायचे, तिचा आंबूस वास वर्गभर भरून राहायचा. संध्याकाळी गॅसबत्ती पेटायची आणि तिच्या सूं आवाजात सगळा व्हरांडा पिवळा होऊन जायचा. मी निंबाखालून पाहत राहायचे. प्रसादाचे फुटाणे आणि खोबऱ्याचा तुकडा वरून ओंजळीत पडायचा, देणाऱ्याचा हात कधी खाली यायचा नाही. फुटाणे गोड लागायचे. याचाही मला आता राग येतो.

आणि तो व्हरांडा सारवायची कोण? माझी आई. गणपती यायच्या आदल्या दिवशी ती तळ्याकाठची पांढरी माती आणायची, शेण कालवायची आणि सकाळपासून ओणवी होऊन सगळा व्हरांडा आणि ओटा असा सारवायची की बोटांच्या कमानी एकासारख्या एक उमटायच्या. जमीन वाळली की पाटलांचा गडी यायचा आणि गोमूत्र शिंपडायचा. म्हणजे आईच्या हाताने जमीन स्वच्छ व्हायची आणि आईच्या हाताने ती बाटायचीही. हे गणित त्या गावात सगळ्यांना समजत होतं, शाळा शिकलेल्यांना जास्तच.

मग आमचे लोक नागपूरला गेले. बाबा गेले होते, परत आले तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरा सदरा होता आणि त्यांनी घरातले देव, ते होते तरी काय, दोन टाक आणि एक शेंदूर फासलेला गोटा, नाल्यात नेऊन सोडले. बाप्ये लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. मिरवणुकीत डफडं वाजवणं सोडलं. पाटलांच्या वाटेत उभं राहून जोहार म्हणणं सोडलं, त्याचा पाटलांना सगळ्यांत जास्त राग होता. गावाची सगळी कामं सुटली, एक सारवण सोडून. बाबा रोज आईशी वाद घालायचे.

"काहून जातं तू अजून तठी? आपन सोडलं नं सगळं?"

"माही पोरगी बसते तठी," आई म्हणायची. "तिच्यासाठी सारवतो मी. मंग तठी गनपती बसो का कोनी बसो."

नवा धर्म येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, आईच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. वैशाखी पौर्णिमेला आपणही मूर्ती बसवायची, आणि ती शाळेच्या व्हरांड्यात बसवायची. वस्तीतल्या जाणत्यांनी समजावलं, आपल्यात मूर्तिपूजा नाही, तसबीर आहे, वंदना म्हणू, पुरे झालं. आई ऐकेना. तिचं म्हणणं सरळ होतं. "पोट्ट्याईनं दहा दहा दिवस निंबाखालून पाह्यलं. त्याईले बी कयलं पायजे का आपलं काई हाय. एक दिवस तं बसू द्या." तिला पूजा नको होती, तिला आपल्या माणसाला त्या छपराखाली बसलेलं बघायचं होतं.

मूर्ती करायला सांगितली ती गणपती करणाऱ्या कुंभारालाच. दुसरा होता कोण? तो म्हातारा कुंभारमामा मनाने बरा होता. त्याने बुद्ध कधी पाहिला नव्हता. आमच्या घरातली नागपूरची तसबीर चाकाजवळ टेकवून ठेवून तो काम करत बसायचा. मी आईसोबत गेले होते तेव्हा त्याच्या अंगणात ओल्या मातीचा आणि आव्यातल्या राखेचा वास कोंदला होता.

"हात दोनच का वं?" त्याने विचारलं.

"दोनच."

"बरं हाय. मेहनत कमी." मग त्याने सहज विचारलं, "आन शिरवान कोन्या दिवशी?"

शिरवणं म्हणजे विसर्जन. बुद्धाला पाण्यात सोडत नाहीत हे आईला ठाऊक होतं, पण मग ठेवतात कसा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"नाही शिरवत आमच्यात," ती म्हणाली.

कुंभारमामाचे हात थांबले. "मंग हे पहिले सांगा लागत होतं. कच्च्या मातीचा कायले करून राह्यलो मंग मी? आता भाजला तं तडकन. आतून भरीव हाय हा."

ही चूक आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. आईला, कुंभारमामाला, वस्तीतल्या एकालाही ते सुचलं नाही, कारण आम्ही जन्मभर पाहिलेल्या मातीच्या मूर्ती विरघळणाऱ्याच होत्या. टिकायचा असेल तर देव कशाचा करायचा, हे शिकायची आमच्यावर कधी वेळच आली नव्हती. आई म्हणाली, राहू द्या, आम्ही पाण्यापासून जपू. व्हरांड्यात एक दिवस बसेल, मग घरात कोरड्या जागी ठेवू. म्हणजे आता ते छप्पर हवंच होतं. हौस म्हणून मागत होती ते गरजेचं झालं.

आई विचारायला गेली तेव्हा मी सोबत होते. उन्हाळ्याची सुट्टी होती. शाळा ओस पडलेली, व्हरांड्यात शेळ्या बसलेल्या, लेंड्यांचा उग्र वास. आत वर्गात पाटलांच्या तुरीची पोती रचलेली, ती खिडकीतून दिसत होती. पाटील आणि मास्तर निंबाखाली खाटेवर बसले होते. आई लांबच उभी राहिली आणि काय हवं ते तिने सांगितलं.

पाटील चिडले नाहीत. मला वाटतं, चिडले असते तर मी आज इतकी चिडले नसते. ते अगदी समजुतीच्या सुरात बोलले.

"सखू, हे सरकारी जागा हाय वं. अठी धर्माचं काई करता येत नाही. मास्तरले इचार."

मास्तर मान खाली घालून धोतराचा काठ पाहत होते.

"मंग गनपती?" आई म्हणाली.

"तो धर्म नाही. तो उत्सव हाय. साऱ्या गावाचा हाय तो."

"आमी गावाचे नाही का जी?"

पाटील हसले. "पाह्य, आता तुमी आपल्या मनानं येगळे झाले नं? आमी नाही काढलं तुमाले." आणि त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं की बघा, कशी फिट्ट झाली गोष्ट. मास्तरही हसले. त्यांना हसावं लागलं असेल, नोकरी होती त्यांची. मला त्यांची दया यायला हवी, पण मी ती करणार नाही.

आई परत वळली. शेळ्या तशाच बसून होत्या, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

आता शाळेच्या फाटकात मी उभी आहे, तर आतून एक तरुण शिक्षिका लगबगीने आली. गोड मुलगी, केसांत गजरा. "मावशी, आत या ना, आरती सुरू होतेय," म्हणाली. तिच्यामागे जमीन चकचकीत फरशीची, सारवणाचं नावही नाही. ओटा पाडून तिथे संगमरवरासारखा कट्टा बांधलाय. मी नको म्हणाले तर तिला वाटलं माझे गुडघे दुखतात. खुर्ची आणू का, म्हणाली. या मुलीला काय सांगू? ती मला प्रेमाने बोलावते आहे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आहे, यात तिचा काय दोष? मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, सरकारच्या ओट्यावर कुणाचीच मूर्ती बसू नये, तुमची नाही आणि आमचीही नाही, तिथे पोरांनी बसावं. पण असं म्हटलं की लगेच लोक समजूत घालायला लागतात, अहो उत्सव आहे, सगळ्यांचा आहे. तोच समजुतीचा सूर.

त्या वैशाखात आईने हट्ट सोडला नाही. शाळेत नाही तर शाळेपुढे, म्हणाली. शाळेच्या हद्दीबाहेर मोकळं मैदान होतं, तिथे चार बल्ल्या रोवल्या, वर तिचं स्वतःचं पांढरं लुगडं ताणलं, बाजूंना आंब्याचे टहाळे बांधले. पतंगी कागदाच्या झालरी मी केल्या. निंबाखालून पाहून पाहून मला सगळ्या येत होत्या. खळही मी शिजवली. पाटावर बुद्ध ठेवला तेव्हा कुंभारमामाही आला होता, लांब उभा राहून स्वतःचंच काम पाहत होता. मूर्ती हातभर उंच होती. कान जरा गणपतीसारखे मोठे झाले होते, पण डोळे मिटलेले छान जमले होते. दुपारी सगळी वस्ती पांढरे कपडे घालून बसली. बाबांनी वंदना म्हटली, आम्ही मागून म्हटली, शब्द कळत नव्हते पण आवाज एक होत होता. गावातली माणसं रस्त्यावर थांबून बघत होती. आईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तसा तो मी पुन्हा फार वेळा पाहिला नाही.

वंदना संपता संपता दक्षिणेकडून धूळ उठली. वैशाखातलं वादळ, बघता बघता अंधारून आलं. पहिल्याच झपाट्यात लुगडं उडून निंबावर जाऊन अडकलं आणि गारा पडायला लागल्या. पोरं गारा वेचायला धावली, बाया पोरांमागे. वस्ती नाल्यापलीकडे, आणि घरांवरचं गवत तर तिकडे आधीच उडायला लागलं होतं. आईने बाबांकडे पाहिलं, एका बाजूने पाट बाबांनी धरला, दुसऱ्या बाजूने तिने, आणि ते दोघं समोरच्या व्हरांड्यात चढले. शेळ्या उठून बाजूला झाल्या. मूर्ती ओट्यावर ठेवून आई तिच्यासमोर वाऱ्याला आडवी उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी पसरून.

तेवढ्यातही व्हायचं ते झालं होतं. एक कान गेला होता, खांदा ओघळला होता, चिवराच्या चुण्या पुसून गेल्या होत्या. ओट्यावरून मातीचे ओघळ खाली येत होते. आई पदराच्या टोकाने ते टिपत होती. टिपून काय होणार, तिलाही कळत होतं.

पाऊस ओसरल्यावर पाटील आले, मागे मास्तर आणि आणखी माणसं. कुणी आरडाओरडा केला नाही.

"सखू, मनाई केली होती नं तुले?"

"पानी थांबलं, नेतो आमी," आई म्हणाली. एवढंच म्हणाली. मी वाट पाहत होते की ती काहीतरी बोलेल, बाबा काहीतरी बोलतील. त्या दोघांनी पाट उचलला आणि चिखलातून चालू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, शिरवायची तसदी वाचली यांची. हसू ऐकू आलं. ते हसू कुणाचं होतं ते मला माहीत आहे, तो माणूस आता वारला, आणि तरीही मी त्याला क्षमा केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी कोतवाल निरोप घेऊन आला. व्हरांडा बाटला आहे, शुद्ध करायचा आहे. सखूला सारवायला पाठवा.

पुन्हा वाचा पाहिजे तर. आईने व्हरांडा बाटवला म्हणून तो शुद्ध करायचा, आणि शुद्ध करायला आईलाच बोलावलं, कारण शाळा तीच सारवायची. निरोप पाठवताना एकालाही हसू आलं नाही, लाजही वाटली नाही.

बाबांनी कोतवालाला दारातून हाकललं. कोपऱ्यात पाटावर बुद्ध होता, तिथे जाऊन आई बसली. मूर्तीचं तोंड आता ओळखू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने उठली, तिने घमेलं घेतलं, मूर्ती त्यात ठेवली आणि वरून पाणी ओतलं. मी ओरडले. ती ओततच राहिली.

"माती हाय बाई. त्याईनंच सांगतलं नं, मले पुजू नोका म्हनून."

माती पूर्ण भिजल्यावर आईने ती हाताने मळली आणि घमेलं डोक्यावर घेऊन ती शाळेकडे निघाली. बाबा बघतच राहिले. मी पाण्याची बादली घेऊन मागे. वाऱ्याने आत घुसलेल्या गारांनी व्हरांड्यात खड्डे पडले होते, ओट्याच्या कडा ढासळल्या होत्या. आईने त्या मातीने आधी ओटा लिंपला. थापून थापून, कडा पहिल्यापेक्षा सरळ केल्या. उरलेली माती तिने खालच्या भेगांमध्ये भरली. घमेल्यात बोटभरही शिल्लक ठेवली नाही. मग नेहमीसारखं सारवण. पाटील लांबून देखरेख करत होते. वाळल्यावर गडी आला, त्याने गोमूत्र शिंपडलं. शुद्ध झालं सगळं.

ओट्यात कुठली माती गेली ते वस्तीला कळायला वेळ लागला नाही. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला तर भाद्रपदाची घाई झाली होती. त्या वर्षी गणपती आला, मखरात बसला, आणि मी निंबाखाली उभी राहून पाहत होते. पाटील पुढे झाले, त्यांनी पागोटं काढलं आणि ओट्यावर कपाळ टेकलं. मग मास्तरांनी टेकलं. मग रांगेने सगळ्या गावाने, बायापोरांसकट. गॅसबत्तीच्या उजेडात एकामागून एक डोकी त्या मातीवर टेकत होती आणि माझं हसू काही केल्या थांबत नव्हतं. आई बाजूलाच उभी होती. मी तिचा पदर ओढला. "माय, पाह्य नं, पाह्य नं," म्हणत राहिले. मला वाटलं तीही हसत असेल.

तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि त्यांत राग होता.

"हासू नोको," ती म्हणाली. "एक दिवस बसवा म्हनलं होतं म्या, सगळ्याईच्या समोर. आन चोरासारखं पुरून ठेवा लागलं त्याईले."

माझं मनगट धरून ती मला घरी घेऊन आली. त्यानंतर ती शाळा सारवायला कधी गेली नाही.